बंद आणि बंद

गोदीत तिला सगळे पाटीबाई म्हणत. हुद्दा भाषाधिकाऱ्याचा होता, पण बांधणी चालू असलेल्या लढाऊ फ्रिगेटवर जिथे जिथे अक्षर दिसे तिथे तिथे तिचा हात लागलेला असे. दारांवर, पंपांवर, झडपांवर, अगदी संडासातल्या साखळीशेजारच्या सूचनेवरही. जहाजाचा आराखडा परदेशी कंपनीचा. परवाना घेऊन ते इथल्या गोदीत बांधलं जात होतं. पोलाद इथलं, घाम इथला, आणि वरून हुकूम असा, की जहाजावरचं अक्षर न् अक्षरही इथलंच हवं. 'ऑफ' नको, 'सील' नको. परका शब्द दिसला की शब्द समिती तो धान्यातल्या खड्यासारखा वेचून फेकून देई.

शब्द ती द्यायची, पण पितळेवर कोरून जागेवर बसलेले ते शब्द बघण्याची वेळ तिच्यावर क्वचितच येई. तिचं टेबल आराखडा विभागाच्या कोपऱ्यात, आणि जहाज धक्क्याला. त्या सकाळी धाकट्या भावाने फोन करून बोलावून घेतलं. तो आग विझवण्याच्या यंत्रणेचा फिटर होता.

"ताई, जरा जहाजावर ये. तुझी करामत बघून जा."

"काय झालं?"

"फोनवर नको. एक तर हसशील, नाहीतर रडशील."

मागच्या यंत्रकक्षाबाहेरच्या अरुंद बोळात, वळणापलीकडे, गॅसचं पॅनेल होतं. यंत्रकक्षात आग लागली तर इथला दांडा फिरवायचा. पंखे थांबतात, हवेच्या झडपा मिटतात, पोलादी दार सरकून घट्ट बसतं, भोंगा वाजतो आणि थोड्या अवकाशाने आत गॅस सुटतो. गॅस हवेला हुसकून लावतो. हवा नाही म्हणून आग नाही, आणि आत कोणी राहिला असेल तर तोही नाही. म्हणून दांड्याला तीन जागा होत्या. मधली जागा यंत्रणा तयार ठेवण्याची. एका टोकाची जागा कक्ष बंद करून गॅस सोडण्याची. दुसऱ्या टोकाची जागा सगळी यंत्रणाच बंद ठेवण्याची, म्हणजे आत माणसं निर्धास्त काम करू शकतील.

मधल्या पितळी पाटीवर 'तयार' होतं. डाव्या पाटीवर 'बंद' होतं. उजव्या पाटीवरही 'बंद' होतं.

"एक मारणारं, एक तारणारं," धाकटा पाना खांद्यावर टाकत म्हणाला. "ओळखा पाहू कुठलं कोणतं."

"मी 'कक्ष बंद' आणि 'यंत्रणा बंद' दिलं होतं."

"मग कक्ष आणि यंत्रणा रस्त्यात कुठे सांडले?"

ती हसली नाही आणि रडलीही नाही. तडक नकाशेवाल्याकडे गेली. पाट्यांची चित्रं तो काढायचा. तिचं म्हणणं त्याने शांतपणे ऐकलं आणि पट्टी उचलली.

"हे बघा. पाटीची लांबी परवान्यात दिलेली. अक्षराची उंची परवान्यात दिलेली. त्यांच्या भाषेत एकेकच शब्द आहे, तुम्ही दोन दोन दिलेत. बसेनात. मग मुख्य शब्द ठेवला आणि आधीचा गाळला."

"दोन्हीकडे गाळलात?"

"एकीचा गाळायचा आणि दुसरीचा ठेवायचा, म्हणजे पाट्या विषम दिसल्या असत्या ना."

"पाटी थोडी मोठी करा."

"शेजारच्या दिव्यावर चढते. दिवा हलवला तर पॅनेल बदलतं, आणि पॅनेल बदललं तर परवाना बदलतो." त्याने पट्टी खाली ठेवली. "बाई, मी तुमच्या बाजूचा आहे. पण माझी बाजू पाटीएवढीच आहे."

गॅसची चाचणी तोंडावर आली होती. चाचणीआधी शेवटची नजर टाकायला आत जाणारा माणूस धाकटा होता. आणि पुढे हमीचं वर्ष संपेपर्यंत गोदीचा फिटर म्हणून जहाजावर जाणाराही तोच. म्हणजे त्या दोन सारख्या पाट्यांच्या पलीकडे, दाराच्या आतल्या बाजूला, वर्षभर तिचा भाऊ असणार होता. ती मुख्य अभियंत्याच्या केबिनमध्ये शिरली तेव्हा तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

मुख्य अभियंत्याला सगळे नुसतंच साहेब म्हणत. साहेबांनी पाट्यांचं चित्र डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि टेबलावर उपडं घातलं.

"चूक आहे, हे मला दिसतंय. मला डोळे आहेत."

"मग बदलू या, साहेब."

"बदल मागायचा कुणी?"

 तिला करारातलं ते कलम माहीत होतं, तिनेच त्याचं भाषांतर केलं होतं. काम चालू असताना जो पक्ष बदल मागेल, पुढचा उशीर त्याच्या माथी. उशीर एका दिवसाचा असो की वर्षाचा, आणि त्या बदलामुळे झालेला असो की नसो.

"गोदीने मागितला की झालं," साहेब म्हणाले. "त्यांच्याकडून यायचे सुटे भाग अजून आलेले नाहीत. दाराची आतली मूठ आलेली नाही, बाहेरचा भोंगा आलेला नाही. आज तो उशीर त्यांचा आहे. उद्या मी एक शब्द मागितला की सगळा माझा. एका शब्दासाठी मी गोदीची मान त्यांच्या हातात देऊ? त्यांच्या माणसाला मागू दे. मी डोळे मिटून हो म्हणतो."

त्यांचा माणूस म्हणजे परदेशी कंपनीचा इथला प्रतिनिधी. गोदीने त्याचं नाव जावईबापू ठेवलं होतं. त्याला हवं ते हातात द्यावं लागे, रुसला तर समजूत काढावी लागे, आणि काहीही समोर ठेवलं तरी त्यात त्याला खोट सापडे. त्याची भाषा गोदीत फक्त तिला येत होती. त्यामुळे तो रुसला की पहिला मान तिचा.

"तुमच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे?" जावईबापूने विचारलं.

"आमच्याकडे दारही बंद होतं आणि दिवाही बंद होतो. तोंड बंद होतं, दुकान बंद होतं, येणंजाणंसुद्धा बंद होतं."

"मजेशीर आहे."

"मजेशीर नाही. माणूस मरेल."

त्याने कप खाली ठेवला. तो वाईट माणूस नव्हता, आणि हीच अडचण होती. "ऐका. माझ्या दृष्टीने पाटी बरोबर आहे. लांबी बरोबर, उंची बरोबर. अक्षर मला वाचता येत नाही. गोदीने बदल मागितला तर मी आजच मंजूर करीन. पण मी मागितला तर माझी कंपनी विचारेल, जी पाटी तुला वाचताच येत नाही ती तुला चुकीची कशी वाटली?"

"मी सांगते म्हणून."

"तुम्ही गोदीच्या आहात ना? मग ते गोदीनेच मागितल्यासारखं होईल."

ती बाहेर पडली. एका केबिनमधून दुसऱ्या केबिनमध्ये, तिथून पुन्हा पहिलीत. दोन्ही दारं तिच्यासाठी सताड उघडी होती आणि एकातूनही बाहेरचा रस्ता नव्हता. ती समितीकडेही जाऊन आली. समिती म्हणाली, 'बंद' हा मान्य शब्द आहे, दोनदा वापरला म्हणून अमान्य होत नाही.

घर गोदीच्या फाटकासमोरच होतं. दोन खोल्या, एक खिडकी, आणि खिडकीत भरून राहिलेली जहाजाची राखाडी कूस. जहाज पाण्यात उतरलं तसं खिडकीतलं आकाशच गेलं. आई म्हणायची, कपडे वाळायचे थांबले.

"नुसती चिवडत बसलीस," जेवताना आई म्हणाली. "पानात काय पाटी वाढलीये का?"

"ताईला शब्द सापडत नाहीये," धाकटा म्हणाला. "मीठ दे म्हणालो तर तीन पर्याय सांगेल."

"तू गप रे. चाचणीच्या दिवशी आजारी पड."

"आणि आत कोण जाईल? नकाशेवाला? तो पाटीच्या मापाबाहेर जात नाही." मग तिचा चेहरा बघून तो जरा नरमला. "अगं, दांडा आपलाच माणूस फिरवणार. मिशीवाला. तीस वर्षं जहाजांवर काढलीत त्याने. त्याला काय कळत नाही?"

"वाचता येतं ना त्याला?"

"येतं की."

"तीच तर भीती आहे."

आईने दोघांच्या मध्ये भांडं आपटलं. "जहाज घराबाहेर ठेवा आणि जेवा. आधीच उजेड खाल्लाय मेल्याने."

चाचणीच्या सकाळी तिने एक सबब काढली. आतल्या पाट्या तपासायच्या राहिल्यात, त्या बघितल्याशिवाय मी सही करणार नाही. एखादी पाटी उलटी, एखादं अक्षर तुटकं सापडलं तर चाचणी पुढे जाईल, एवढीच तिची आशा. पण तिची तपासणी म्हटली की कंपनीचा माणूसही हजर हवा, म्हणून जावईबापू आला. आणि आत जायचं तर फिटर सोबत हवा, म्हणून धाकटा आला. तिघं एकामागून एक पोलादी दारातून आत गेले. आत यंत्रं, नळ आणि पायाखाली जाळी. उभं राहायला जागा होती, पण वळायचं तर दुसऱ्याला सांगून वळावं लागे.

पाट्या सगळ्या बरोबर निघाल्या. एवढं चोख काम केल्याचा तिला आयुष्यात पहिल्यांदाच राग आला.

बाहेर, बोळाच्या वळणापलीकडे, मिशीवाला दांड्यापाशी उभा होता. दांडा 'तयार'वर होता. धक्क्यावरून साहेबांचा फोन आला. आत माणसं गेलीत हे साहेबांना नुकतंच कळलं होतं, आणि ते काळजीने म्हणाले, "आत माणसं आहेत. आधी बंद कर." मिशीवाल्याने तीस वर्षांत एकही हुकूम दोनदा ऐकलेला नव्हता. त्याने दांडा फिरवला. त्याच्या हाताला जवळचं 'बंद' उजवीकडचं होतं.

आत पंखे थांबले. इतक्या दिवसांची घरघर एकदम गेली आणि कानांत नुसती पोकळी उरली. झडपा मिटल्याचे आवाज एकापाठोपाठ आले. मग दार सरकायला लागलं. धाकटा धावला, पण जाळीवरून धावणं ते काय. त्याचे हात पोचेपर्यंत दार चौकटीत बसलं होतं. दाराला आतून मूठ नव्हती. मुठीच्या जागी चार भोकं होती. ती परदेशातून यायची होती.

भोंगा सुरू झाला.

"गॅसच्या बाटल्यांना खीळ आहे ना?" ती ओरडली.

"सकाळीच काढलीये. चाचणी आहे ना! मीच काढली!"

"वरचा मार्ग?"

तो शिडी चढून गेलाही होता. सुटकेच्या वाटेवर रंगकाम चालू होतं, म्हणून वरून पत्रा ठोकला होता. त्याने पान्याने दोन घाव घातले. पत्रा वाजला, हलला नाही.

दाराशेजारी फोन होता. तिने उचलला.

"बोला," पलीकडून मिशीवाला शांतपणे म्हणाला. बाहेरचा भोंगा अजून आलेला नव्हता. त्याच्या बाजूला सगळं सामसूम होतं.

"बंद करा! यंत्रणा बंद करा!"

"बंदच आहे, बाई. साहेबांनी सांगितलं तसं लगेच केलं."

"अहो, दार लागलंय आमचं! ऑफ करा, ऑफ!"

"ऑफच आहे की. पाटीवर चक्क लिहिलंय, बंद."

"दुसऱ्या टोकाला न्या दांडा!"

"तिकडेही बंद लिहिलंय, बाई. ते दाराचं असणार. तिकडे नेला तर दार बंद होईल, तुम्ही आत अडकाल."

"आम्ही अडकलोय!"

"मग तर मी मुळीच हात लावत नाही. आणखी काही झालं म्हणजे? थांबा, साहेबांना विचारतो."

"फोन ठेवू नका!"

जावईबापूने तिच्या हातातून फोन ओढून घेतला आणि आपल्या भाषेतला तो एक शब्द ओरडला. मूळ पाटीवरचा, नि:संदिग्ध, नेमका शब्द. पुन्हा ओरडला. मग थांबून ऐकलं आणि फोन तिच्याकडे दिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय म्हणाले हे?" मिशीवाला विचारत होता. "मी नमस्कार म्हटलं, तर आणखीच ओरडले."

भोंगा थांबत नव्हता. तो चालू होता तोवर गॅस सुटलेला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. धाकटा शिडीवरून उतरला आणि तिच्या समोर येऊन उभा राहिला.  लहानपणी काही फुटलं की तो असाच समोर येऊन उभा राहायचा, ताई काहीतरी करेल म्हणून. तिच्याजवळ शब्दांशिवाय काही नव्हतं. आणि शब्द होता तो एकच, तोही पलीकडच्या माणसाने आधीच पाळलेला.

तिने डोळे मिटले.

"दादा," ती फोनमध्ये म्हणाली. आवाज मुद्दाम हळू केला. "तुमच्या समोर लाल दिवे पेटलेत का?"

"पेटलेत. दोन."

"घरातून निघताना दिवा पेटलेला राहिला, तर बायको काय म्हणते तुम्हाला?"

"काय म्हणणार? वीज काय बापाची आहे का, म्हणते. दिवा घालव म्हणते."

"मग घालवा. हे पेटलंय, दादा. बंद नाही, पेटलंय. हे घालवा."

 मग मिशीवाल्याचा आवाज, स्वतःशीच बोलल्यासारखा. "पेटलंय खरं. मग हे बंद कसलं?"

"घालवा!"

दांडा फिरल्याचा आवाज फोनमधून आला. भोंगा मध्येच तुटला. पंखे एक आचका देऊन फिरायला लागले आणि दार आपलं काही चुकलंच नाही अशा थाटात सरकत उघडलं. बोळाच्या वळणावर मिशीवाला फोन कानाशी तसाच धरून उभा होता. तार ताणली गेली होती.

"गेलं का?" त्याने विचारलं.

"गेलं," धाकटा म्हणाला आणि तिथेच जमिनीवर बसला.

चाचणी पुढे ढकलली गेली. साहेबांनी तिला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि दार लावून घेतलं.

"माणसाची चूक," ते म्हणाले. "असं लिहू या का?"

"मिशीवाल्याची? त्याने हुकूम पाळला आणि पाटी वाचली. यातली चूक कुठली?"

साहेबांनी कपाळ चोळलं. "मग शब्द तरी आहे का तुमच्याकडे? एका पाटीत मावणारा?"

"'घालव'."

"काय?"

"डावीकडे 'बंद'च्या जागी 'घालव'. तीन अक्षरं. मी मापून बघितलं, मावतं."

साहेब तिच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांना हसू आवरेना. सकाळच्या प्रकारानंतर ते पहिल्यांदाच हसत होते. "बाई, ही लढाऊ बोट आहे, स्वयंपाकघर नाही. 'घालव'! उद्या छापून येईल, नौदलाने पहिलंच जहाज घालवलं म्हणून. समितीतले म्हातारे मला उभा चिरतील."

"आणि कंपनीनेच हा शब्द मागितला तर?"

"तर प्रश्नच मिटला. परवानेवाल्याचा आग्रह. समितीला सांगीन, माझे हात बांधलेले आहेत. पण तो कशाला मागतोय?"

जावईबापू आपल्या केबिनमध्ये कोट न काढता बसला होता. चहा तसाच होता, वर साय धरलेली.

"तुम्ही आत होतात," ती म्हणाली.

"होतो. म्हणूनच सांगतो, गोदीने मागू दे, मी त्याच क्षणी शिक्का मारतो. कुठलाही शब्द. तुमच्या आजीचं नाव लिहिलंत तरी चालेल. पण मागू दे त्यांना."

"आणि नाही मागितलं तर?"

त्याने चहावरची साय चमच्याने बाजूला सारली. "तर मीही त्याच खोलीत आहे. फक्त जरा मोठी आहे."

संध्याकाळी बैठक झाली. टेबलाच्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला जावईबापू, आडव्या बाजूला ती. मधे आराखडा पसरलेला. असं बसून तिने दोघांची किती बोलणी इकडची तिकडे केली होती त्याची गणती नव्हती. काना-मात्रेचा फरक पडू दिला नव्हता. साहेब चिडून बोलले तर चिडकं, जावईबापू खोचक बोलला तर खोचक. दोघांचाही तिच्यावर विश्वास होता, कारण दोघांनाही दुसरा इलाज नव्हता.

"त्यांना विचारा," साहेब म्हणाले, "पुन्हा चाचणी कधी घ्यायची."

ती जावईबापूकडे वळली. "साहेब म्हणतात, डावी पाटी बदलावी अशी गोदीची मागणी आहे. नवा शब्द 'घालव'. मापात बसतो."

जावईबापूने एवढा मोठा सुस्कारा सोडला की आराखड्याची कड हलली. "मंजूर. आत्ताच शिक्का मारतो. चाचणी उद्यासुद्धा घेऊ. त्यांना सांगा, हे मागायला धाडस लागतं."

ती साहेबांकडे वळली.  "ते म्हणतात, चाचणी उद्या घेऊ. पण डावी पाटी बदलल्याशिवाय नाही. 'घालव' हाच शब्द हवा, असा कंपनीचा आग्रह आहे."

"हाच?" साहेबांच्या भुवया वर गेल्या. "त्याला कुठून कळला हा शब्द?"

"आत अडकलो तेव्हा ऐकला त्यांनी. याच शब्दाने दार उघडलं, हे बघितलं."

यात खोटं एक अक्षरही नव्हतं, आणि त्यानेच तिला घाम फुटला. साहेब जावईबापूकडे बघत होते. जावईबापू साहेबांकडे. दोघांच्याही नजरेत एक नवीनच आदर होता.

"माणूस बरा निघाला," साहेब पुटपुटले.

"काय म्हणतात?" जावईबापूने विचारलं.

"आभार मानतात."

त्याने पाटीच्या चित्रावर शिक्का मारला. शिक्का पडला तशी पाटी परवान्याचा भाग झाली, आणि परवान्याला कोणी हात लावू शकत नव्हतं. शब्द समितीने दोन वेळा निषेध कळवला. साहेबांनी दोन्ही वेळा हात वर केले. पाटी त्याच रात्रपाळीत कोरून झाली, अडलेले सुटे भागही लवकरच आले, पुढे उशीर झालाच नाही, म्हणून बदल कुणी मागितला हा प्रश्नही कुणाला पडला नाही. फक्त धाकट्याने जेवताना विचारलं.

"ताई, शेवटी मागितलं कुणी?"

"दोघांनी."

"एकदम?"

"एकदम. तू भात घे."

त्या दिवसापासून ती एकाही बैठकीला गैरहजर राहिली नाही. ताप आला तरी गेली. साहेब आणि जावईबापू जिन्यात समोरासमोर आले आणि हातवारे करून काही बोलायला लागले, तर ती कुठूनतरी धापा टाकत तिथे पोचायची. लोक म्हणाले, पाटीबाईने जहाजासाठी जीव काढला. बदलीची संधी आली तेव्हा तिने नाही सांगितलं, आणि साहेबांनी तिच्या निष्ठेबद्दल चार शब्द काढले. ते शब्द तिने जावईबापूला भाषांतर करून सांगितले. यावेळी तंतोतंत.

जहाज नौदलाच्या ताब्यात दिलं त्या दिवशी धक्क्यावर चहा होता. धाकटा गणवेशातल्या माणसांमागे, पेटी हातात घेऊन शिडी चढत होता. वरून त्याने हात केला. मिशीवाला त्याच्या पुढे होता. तिने हात हलवला आणि चटकन मागे वळली, कारण मागे ते दोघं एकत्र उभे होते.

"यांना विचारा," साहेब खुशीत म्हणाले, "हाच शब्द का धरून बसले होते?"

ती जावईबापूकडे वळली. "साहेब विचारतात, चहा आवडला का?"

"फारच."

"ते म्हणतात, आवडला."

साहेबांनी मान डोलावली. इथवर ठीक होतं. पण जावईबापूने कप बाजूला ठेवला, कोट सारखा केला आणि तोंड असं केलं, जणू कोणी त्याला जाळीवरून धावायला सांगितलंय.

"मी," तो साहेबांना म्हणाला, थेट, तिच्याकडे न बघता, "तुमची भाषा. शिकतो."

"अरे वा!" साहेब ओरडलेच.

"पुढचं जहाज. तीन वर्षं. मी इथे." त्याने बोट वर करून थांबायला सांगितलं, अजून एक वाक्य तयार होतं. "घालव. शब्द. छान. तुमचा."

"आमचा?" साहेब मोठ्याने हसले. "छे, छे! तुमचा!"

"तुमचा," जावईबापू वाकून म्हणाला.

"अहो, तुमचा!"

दोघं एकमेकांचा हात धरून हसत राहिले. आजूबाजूचे लोकही हसले. इतकं सौजन्य गोदीत कोणी पाहिलं नव्हतं.  तिने आपला कप टेबलावर ठेवून दिला.

जावईबापू तिच्याकडे वळला आणि आपल्या भाषेत, उत्सुकतेने म्हणाला, "बरोबर बोललो ना मी? ते 'छे, छे' का म्हणत होते?"

"नम्रपणा," ती म्हणाली. "आमच्याकडे तसं म्हणतात."

"मला हे सगळं नीट शिकायचं आहे. तुम्ही शिकवाल? रोज सकाळी, कामाआधी."

साहेबांनी विचारलं, काय म्हणतोय. तिने सांगितलं. यात तरी बदलण्यासारखं काही नव्हतं.

"शिकवा की!" साहेब म्हणाले. "तुमच्याशिवाय आहे कोण? वर्षभरात आम्ही दोघं गप्पा मारायला लागू, तुमच्या मागचा ताप कमी होईल."

जहाजाने दोर सोडले होते. धाकटा कठड्यापाशी कुठेतरी असेल, पण एवढ्या टोप्यांत तिला तो ओळखू येईना.

"उद्यापासून या," ती जावईबापूला म्हणाली. आधी आकडे घ्यायचे, मग रंग, मग हवापाणी. 'माझा' आणि 'तुमचा' अगदी शेवटी, जमेल तितकं लांबवून, हे तिने तिथेच ठरवून टाकलं.